श्रोत्यांचा आवाज: रीगल, येवला आणि वामनदादा

आजचा धागा एका अमेरिकन तबकडीपासून सुरू होतो. पण पोहोचायचे आहे ते नाशिक जिल्ह्यात.

२१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या दक्षिण भागातील रीगल थिएटरात बी. बी. किंग या ब्लूज गायक-गिटारवादकाचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला. पुढच्या वर्षी तो ‘लाइव्ह ॲट द रीगल’ या नावाने प्रसिद्ध झाला. इलेक्ट्रिक गिटारवरील ब्लूजचा तो आजही मानदंड समजला जातो. संगीताचे जाणकार त्यातील गिटारीविषयी भरभरून लिहितात. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझे कान मात्र दरवेळी दुसरीकडेच जातात: समोर बसलेल्या लोकांकडे.

किंग गाताना गिटार वाजवत नसे. एक ओळ गायची, थांबायचे, मग त्या ओळीला गिटारीने उत्तर द्यायचे, ही त्याची रीत. या दोघांच्या संवादात तिसरा आवाज प्रेक्षकांचा. कृतघ्न जोडीदाराविषयीचे एक गाऱ्हाणे तो मांडू लागतो आणि शेवटचा टोला येताच सभागृहात किंकाळ्या उठतात. ओळ ठाऊक असूनही तिची वाट पाहणारी ही माणसे आहेत. मिसिसिपी आणि आसपासच्या दक्षिणेकडील राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे कापसाची शेते सोडून शिकागोत आली होती. किंग स्वतः मिसिसिपीत कापूस वेचून, ट्रॅक्टर चालवून आलेला. नागरी हक्क कायद्यावर त्याच वर्षी जुलैत सही झाली होती. गाण्यांत त्याचा उल्लेखही नाही. विषय सगळा प्रेमाचा आणि रुसव्याचा. परंतु ते हसणे, ते ओरडणे काढून टाकले, तर उरते केवळ घरगुती भांडण. त्या गाण्यांचा अर्थ निम्मा सभागृहात आहे.

आता येवला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येथे भरलेल्या दलित वर्गाच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नव्हते. या घोषणेमागे तो अनुभव उभा होता. भाषणाचा आशय आपणांस ठाऊक आहे, परिणाम ठाऊक आहेत. माझ्या गावाला मुक्तिभूमी म्हणतात ते त्यामुळेच. पण ते वाक्य उच्चारले गेल्यावर समोरच्या जनसमुदायातून कोणता आवाज उठला? काही क्षण शांतता पसरली की लगेच गजर झाला? छापील शब्द याचे उत्तर देत नाहीत.

आंबेडकरी विचार निरक्षर श्रोत्यांपर्यंत नेण्याचे काम जलशांनी केले आणि त्यातील अग्रणी भीमराव कर्डक नाशिक जिल्ह्याचेच. सत्यशोधकांप्रमाणे त्यांनीही तमाशाचा साचा घेतला आणि आशय बदलला. त्यानंतरच्या पिढीतील वामनदादा कर्डक याच जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १९२२ चा. मुंबईत पोटासाठी कष्टाची कामे करताना त्यांनी मोठेपणी अक्षरओळख करून घेतली, १९४३ मध्ये गीतलेखनाला आरंभ केला आणि पुढे हजारो गीते रचून गावोगावी गायली. २००४ मध्ये ते गेले. खेड्यातून औद्योगिक शहरात आणि तेथून आवाजाच्या बळावर परत आपल्या माणसांत, हा प्रवास किंगच्या प्रवासाशेजारी ठेवून पाहावासा वाटतो. वर्ण आणि जात यांची सरसकट बरोबरी मला मान्य नाही. शिवाय ब्लूज जे बव्हंशी आडून सुचवतो, ते जलसा उघड, नाव घेऊन म्हणतो. पण रचना पाहा: शाहिराची ओळ, झीलकऱ्यांचे उत्तर, तुणतुणे, ढोलकी आणि समोर पुढची ओळ ठाऊक असलेला समाज.

विजेचे कामही दोन्हीकडे सारखेच. शहरी मद्यगृहांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून तिला ध्वनिवर्धक जोडला गेला. आपल्याकडे चाळीच्या पटांगणात आणि जयंतीच्या मांडवात कर्ण्याने तेच केले. (कर्ण्याला नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.)

वामनदादांचे ‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे संग्रह छापलेले आहेत. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांच्या आवाजातील भीमगीते तबकड्यांवर आणि कॅसेटवर घरोघर पोहोचली. मला ती प्रिय आहेत. तरीही स्टुडिओतील भीमगीत मला एकाकी वाटते. गायक उत्तम, वाद्यमेळ नेटका, पण समोर कोणीच नाही. टाळी कुठे पडली, कोणत्या ओळीला ‘पुन्हा’ अशी मागणी झाली, कोणत्या ओळीवर बाया डोळे पुसू लागल्या, हे पुस्तकातून कळत नाही आणि कॅसेटमधूनही नाही. आंबेडकरी चळवळीचा अभ्यास आपण नेत्यांच्या भाषणांतून करतो. ऐकणाऱ्यांनी काय ऐकले, याचा पुरावा मात्र या आवाजांतच होता.

तो सगळाच गेलेला नसावा, असे मला वाटते. टेपरेकॉर्डर खेड्यांत पोहोचल्यावर मंचाच्या कडेला ठेवून कित्येक गायन पार्ट्यांचे कार्यक्रम घरच्या घरी टिपले गेले. विकत मिळणाऱ्या कॅसेटपेक्षा खरखरीची, मधूनच कोणाचे तरी मूल रडणारी अशी ही मुद्रणे माझ्या लेखी अधिक मोलाची आहेत. शिकागोच्या तबकडीतील किंकाळ्यांचे खरे सोबती तेथेच सापडतील.

म्हणून एक विनंती. नाशिक, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात कोणाच्या घरी, विहारात वा समाजमंदिरात अशा कॅसेट असतील, तर त्या रद्दीत देऊ नका. फितीवर पांढरी बुरशी दिसल्यास लगेच वाजवून पाहू नका, फीत तुटते. गाव, अंदाजे साल, प्रसंग आणि पार्टीचे नाव वरच्या कागदावर लिहा. त्या रात्री तेथे हजर असलेले कोणी हयात असेल तर त्यांना आधी विचारून घ्या, कॅसेटचे नंतर पाहू.