आवाज वाढवण्याआधी

मोठा आवाज सर्वांच्या ओळखीचा असतो. मोठा होण्यापूर्वी तो कोठे आणि कोणत्या अवस्थेत होता, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आमच्या ब्राह्मणपाऱ्यात गणेशोत्सव आला की चौकाचौकांत कर्णे बोलू लागतात. लोक कौतुक करतात ते कर्ण्यांचे, आणि कानांवर हात ठेवतात तेही कर्ण्यांमुळेच. मांडवाच्या कोपऱ्यात जी लहानशी पेटी गाणाऱ्याच्या तोंडचा स्वर प्रथम हाती घेते, तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. तिच्यातील त्या पहिल्या भागाला प्रीअँप्लिफायर म्हणतात. या अबोल गृहस्थाचा आणि माझा परिचय साठी उलटल्यावर झाला.

निमित्त वडिलांच्या तबकड्यांचे. वडिलांनी नाट्यसंगीताच्या लाँगप्ले तबकड्या मोठ्या हौसेने जमवल्या होत्या. रायपूर आणि नागपूर 1956 पर्यंत एकाच प्रांतात होती. प्रांत वेगळे झाले तरी आमच्या घराचा कान नागपूरकडेच लागलेला राही. 1963 साली रायपूरला स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाले, तरी संध्याकाळी वडील खरखरीतून नागपूर शोधीत बसत. खरखर असह्य झाली की तबकडी लावीत. त्या जुन्या यंत्राच्या सुईमागे स्फटिक होता. त्यातून निघणारा विद्युत्संदेश इतका जोरकस असे, की त्याची तार थेट रेडिओच्या मागील खोबणीत घातली तरी घर भरून जाई.

ते यंत्र केव्हाच निकामी झाले. पुण्याला असणाऱ्या मुलाने परवा नवे यंत्र पाठवले. ते ध्वनिवर्धकाला जोडले, तेव्हा डबीत कोंडलेल्या डासासारखा स्वर आला. तबल्याचा बाया तर नाहीसाच झाला होता. शहाऐंशी वर्षांची माझी आई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "हे गाणारे फार लांब गेले रे."

तिचे ते वाक्य मला स्वस्थ बसू देईना. पेठेतून तयार पेटी आणता आली असती. पण गाणारे लांब का गेले, हे मला समजून घ्यायचे होते. आमच्याच भागात एक वृद्ध रेडिओ-कारागीर आहेत, त्यांना गुरू केले. त्यांनी सांगितले, की नव्या यंत्राच्या सुईमागे चुंबक आहे. त्याची सुई तबकडीवर हलका भार टाकते, कमी झीज करते. परंतु तिच्यापासून मिळणारा संदेश सुमारे पाच मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा दोनशेवा भाग. त्याला आधी शंभरपट करावे लागते, मगच मोठा ध्वनिवर्धक त्याची दखल घेतो.

शंभरपट करणे म्हणजे काय? सामान्य माणसाला वाटते, की त्या तीन पायांच्या ट्रान्झिस्टरमध्ये लहान आवाज शिरतो आणि फुगून बाहेर पडतो. तसे काही घडत नाही. धमतरीकडे रुद्रीच्या कालव्याचे दार ज्याने पाहिले असेल, त्याला हे चटकन उमजेल. दार हलवणाऱ्या हाताचे बळ थोडे. पण त्या बळाच्या तालावर वाहते ते महानदीचे पाणी. ट्रान्झिस्टरमध्ये बॅटरीचा प्रवाह हे पाणी, आणि सुईचा दुबळा संदेश हा दारावरचा हात. आपण ऐकतो तो वाढलेला मूळ संदेश नव्हे. त्याच्या आज्ञेत वागणारा दुसराच प्रबळ प्रवाह होय.

मौज पुढेच आहे. दार पूर्ण मिटलेले असेल तर ते खाली जाऊ शकत नाही, सताड उघडे असेल तर वर जाऊ शकत नाही. स्वर तर दोन्ही दिशांनी हेलकावतो. म्हणून गाणे सुरू होण्यापूर्वीच दार अर्धे उघडे धरून ठेवावे लागते. "बाबूजी, पहले डीसी नापिए," असे गुरुजी दर वेळी बजावीत, त्याचा अर्थ हाच. नऊ व्होल्टांच्या बॅटरीवर ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरपाशी साडेचार-पाच व्होल्ट दिसले, की दार मध्यावर आहे असे समजावे. हे काम दोन-चार रोधक निमूटपणे करतात. कंडेन्सर हा द्वारपाल: स्थिर दाब अडवतो, हलता स्वर तेवढा पुढे सोडतो. एमिटरच्या रोधकाला समांतर जोडलेला एक कंडेन्सर त्यांनी माझ्यादेखत काढला, तेव्हा शंभराच्या वरची वाढ पाचाच्या आत आली. पुन्हा लावला, ती परतली. पुस्तकातील चार पाने त्या एका क्षणात माझ्या डोक्यात शिरली.

बायाचे कोडे मात्र उरलेच होते. तबकडीवर खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले तर खाचा रुंदावून शेजारच्या खाचांत घुसतील. म्हणून खर्ज मुद्दाम कमी करून कोरतात. बारीक स्वर उलट वाढवून कोरतात, म्हणजे ऐकताना ते उतरवले की तबकडीची खसखसही त्यांच्याबरोबर उतरते. याचे प्रमाण 1954 साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रिका-उत्पादकांच्या संघटनेने ठरवले. मधल्या स्वरांच्या मानाने अगदी खालचे स्वर सुमारे नऊपट चढवायचे, अगदी वरचे सुमारे दशांशावर आणायचे. हे ऋण फेडण्याचे कामही प्रीअँप्लिफायरकडेच. ते जुळले त्या संध्याकाळी बाया घुमला, आणि आई काही न बोलता मांडीवर ताल धरू लागली.

गुरुजींना मी शेवटी विचारले, की मोठ्या ध्वनिवर्धकाचीच शक्ती वाढवली तर हा खटाटोप कशाला? उत्तर सोपे होते. वाटेत तारा खरखर गोळा करतात, प्रत्येक भाग आपली थोडी भर घालतो. स्वर दुबळा असतानाच ती मिसळली, तर पुढची प्रत्येक वाढ खरखरीलाही तितकीच मोठी करते. म्हणून दुबळ्या स्वराला बळ द्यायचे ते उगमापाशी, गोंगाटात सापडण्यापूर्वी. पहिली पायरी अस्वच्छ असेल, तर पुढील कोणतीही पायरी तिची भरपाई करू शकत नाही.

हे कळल्यापासून मी आईच्या आवाजाचा विचार करू लागलो. आजारपणानंतर तो फार क्षीण झाला आहे. नातवंडे लांबून म्हणतात, "आजी, मोठ्याने बोल ना," आणि ती दमून गप्प होते. तिच्या मराठीत तळ्याला 'तरिया' म्हणतात. कंकाली तलावाच्या काठच्या किती घरांच्या हकीकती तिच्याजवळ आहेत! नागपूरची मराठी छत्तीसगढीच्या शेजारात राहून कशी बोलू लागली, हे ऐकावे तर तिच्याच तोंडून.

आता दुपारी मी साधा मायक्रोफोन घेऊन तिच्याजवळ बसतो. पंखा बंद करतो. अंतर दुप्पट झाले की स्वराचा दाब निम्मा होतो, म्हणून मायक्रोफोन तिच्या ओठांपासून वीतभर अंतरावर ठेवतो. उन्हाळ्यात पंख्यावाचून जीव कासावीस होतो. पण आईला आता मोठ्याने बोलावे लागत नाही. काल तिने तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यापर्यंत हकीकत आणून सोडली आहे. पुढचे आज सांगणार आहे.