रस्त्यावर बंद, गॅरेजात चालू

घुग्घुसच्या आमच्या मोहल्ल्यात पेट्रोलवर चालणारी अँबेसेडर आता एकच उरली आहे. ती आमच्या अब्बांची. 1984 ची मार्क फोर. हिंदुस्तान मोटर्सने 2014 साली उत्तरपाड्याचा कारखाना बंद केला तेव्हा पुष्कळांनी आपल्या गाड्या भंगारात घातल्या, अब्बांनी घातली नाही. या गाडीतून मोहल्ल्यातल्या किती बायका बाळंतपणासाठी चंद्रपूरला गेल्या आणि किती हाजी नागपूरच्या विमानतळावर पोहोचले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. भाडेच कधी घेतले नाही, तर हिशेब कशाला ठेवायचा?

गेल्या वर्षी मार्चमध्ये ही गाडी चालता चालता दगा देऊ लागली. घरून निघताना ठणठणीत. पडोलीच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळून वेग पन्नासच्या आसपास स्थिरावला की इंजिन एकदम गप्प व्हायचे, जणू कोणी चावीच बंद केली. दोन-तीन झटके, मग पुन्हा सुरळीत. कधी पार बंद पडायची आणि मागे कोळशाचे ट्रक हॉर्न वाजवत उभे. कडेला घेऊन सेल्फ मारला की पहिल्या दमात चालू. मिस्त्रीचाचांच्या गॅरेजात नेली तर तासभर उभी चालवा, चूं नाही की चां नाही.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. कोणी म्हणाले पेट्रोलमध्ये भेसळ आहे. कोणी म्हणाले, आपल्याकडे पारा सत्तेचाळीसवर जातो, पंपातच पेट्रोलची वाफ होते, ओला फडका गुंडाळा. फडकाही गुंडाळला. कोळशाच्या धुळीचे कारण तर घुग्घुसमध्ये कशालाही चालते, दम्यापासून लोणचे बिघडण्यापर्यंत. अर्थात धुळीचा संशय अगदीच पोकळ नव्हता. कोळशाची पूड डेल्कोच्या कॅपमध्ये शिरली तर ठिणगी भलत्या वाटेने जाऊ शकते. कॅप पुसून पाहिली, फरक पडला नाही.

ही ठिणगी येते कुठून, ते इथे सांगावे लागेल. दहावीच्या विज्ञानात विद्युतचुंबकीय प्रवर्तन असते, आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी ‘बर्क़ी मक़नातीसी इमाला’. 1831 साली मायकेल फॅरडे या लोहाराच्या मुलाने ते शोधले. जुन्या गाडीची कॉइल त्याच तत्त्वावर चालते. बॅटरीचा बारा व्होल्टचा करंट कॉइलच्या जाड तारेतून वाहत असतो. डेल्कोतले पॉइंट उघडले की तो तुटतो, चुंबकत्व कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्टचा दाब तयार होतो. तोच प्लगवर ठिणगी पाडतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. पॉइंटपर्यंत जाणारी तार क्षणभर तुटली तरी सगळे ठप्प. गंमत अशी की पेट्रोल कमी पडले तर गाडी धापा टाकत मरते, आणि करंट गेला तर दिवा विझावा तशी. आमची दिव्यासारखी विझत होती. म्हणजे ओल्या फडक्याचा उपयोग नव्हताच.

मिस्त्रीचाचांनी पॉइंट घासून गॅप लावली, कंडेन्सर बदलला. बारा दिवस गाडी छान चालली, तेराव्या दिवशी पुन्हा तेच. मग कॉइल बदलली. एक आठवडा बरा गेला आणि पुन्हा पडोलीजवळ बंद. इथून गोष्ट गाडीपुरती राहिली नाही. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली. मिस्त्रीने अस्सल कॉइल काढून घेतली, हलकी टाकली. म्हाताऱ्याची नियत फिरली. चाळीस वर्षे ज्या माणसाने गावाच्या जीपा आणि ट्रक सांभाळले, त्याच्या दारातून दोन गिऱ्हाइके गेली, मग आणखी एक. चाचा कोणाशी भांडले नाहीत. अब्बांना एवढेच म्हणाले, “पहले बंद करके दिखाओ, फिर चालू करेंगे.” जो बिघाड डोळ्यांसमोर होत नाही, तो दुरुस्त झाला हे तरी कशावरून म्हणायचे?

आम्ही भावंडांनी मग गाडीत एक वही ठेवली. गाडी बंद पडली की वेळ, वेग, ऊन, चढ की सपाटी आणि पाय रेसवर किती दाबलेला होता, ते लिहायचे. महिनाभरात सतरा नोंदी झाल्या. त्यातल्या चार फजरनंतरच्या गारव्यातल्या, म्हणजे उन्हावरचा आळ गेला. रेल्वे फाटकावर मालगाडीची वाट पाहत इंजिन चालू ठेवून उभे असताना एकदाही नाही. पाय पूर्ण दाबून चढ चढताना एकदाही नाही. सतराही वेळा सपाट रस्ता, स्थिर वेग, पाय हलका.

चाचांनी वही दोनदा वाचून घेतली आणि बॉनेट उघडले. कार्ब्युरेटरपासून डेल्कोकडे एक बारीक व्हॅक्यूम पाइप जातो. पाय हलका असताना त्यातली ओढ डेल्कोच्या आतली प्लेट थोडी फिरवते, म्हणजे ठिणगी जरा लवकर पडते आणि पेट्रोल वाचते. गाडी उभी असताना किंवा पाय पूर्ण दाबल्यावर ही ओढ राहत नाही, प्लेट जागेवर परतते. चाचांनी तो पाइप कार्ब्युरेटरकडून काढला, तोंडात धरला आणि चालत्या इंजिनवर जोरात श्वास ओढला. इंजिन विझले. पुन्हा चालू केले, पुन्हा ओढला, पुन्हा विझले. दहा वेळा केले, दहाही वेळा. तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती गाडी गॅरेजात बंद पडली होती, आणि तिथे उभे असलेले सगळे चक्क खूश झाले.

दोष बोटभर लांबीच्या तारेत होता. पॉइंटला करंट पोहोचवणारी ही तार प्लेटबरोबर हलते, म्हणून ती मऊ, अनेक पदरी असते. वरचे आवरण धड होते, आत पदर तुटलेले. प्लेट जागेवर असली की टोके टेकत, फिरली की सुटत. प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी कॅप उघडून हात लावल्याने तारेची वळण बदलायची, टोके नीट टेकायची आणि श्रेय नव्या कंडेन्सरला किंवा नव्या कॉइलला मिळायचे. पुन्हा वळण ढिले पडले की बदनामी मिस्त्रीची.

तार बदलायला पंधरा मिनिटे लागली. पण चाचा तिथे थांबले नाहीत. फळीवरून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुडके काढले. त्यात आमची जुनी कॉइल आणि जुना कंडेन्सर होता, वर पेनने गाडीचा नंबर आणि तारीख. नवे सामान उतरवून त्यांनी ते जुनेच पुन्हा बसवले. त्यांच्या नियतीवर बोलणाऱ्यांपैकी दोघांना अब्बांनी मागच्या सीटवर बसवले आणि गाडी चंद्रपूरला नेऊन आणली. जाता-येता सुमारे पन्नास किलोमीटर, एकही झटका नाही. मागे बसलेले दोघेही फारसे बोलले नाहीत. त्यातल्या एकाची मोटारसायकल पुढच्याच आठवड्यात चाचांकडे उभी दिसली.

गाडीच्या पुनर्नोंदणीचा प्रश्न अजून आहेच. पंधरा वर्षांपुढच्या खासगी मोटारीसाठी 600 रुपयांचे शुल्क एप्रिल 2022 पासून 5000 झाले, आणि 2025 मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना ते आणखी वाढवले. नागपूरचा आमचा थोरला भाऊ विका म्हणतो. अब्बांनी अजून उत्तर दिलेले नाही. नवी कॉइल आणि नवा कंडेन्सर त्यांनी त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवले आहेत.