नारकोंडमच्या दिशेने : प्रवासाची दैनंदिनी

सोमवार, गौलीगुडा
नारकोंडम हे अंदमान समुद्रातले निद्रिस्त ज्वालामुखीचे बेट. 13 अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर, उत्तर अंदमानच्या पूर्वेला सुमारे 130 किलोमीटरवर. इथे हैदराबादेत, गौलीगुड्याच्या खालचा ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांचा. पश्चिमेला विकाराबादकडे दख्खनचा बेसाल्ट लागतो, पण 6.6 कोटी वर्षांपूर्वीची ती आग कायमची विझली. पुन्हा पेटू शकणारा डोंगर पाहायचा तर समुद्र ओलांडणे भाग.
रिक्षा 90, इराणी चहा 40, विमानतळाची बस 300.

मंगळवार, श्री विजयपुरम
विमान दोन तास उशिरा. फेब्रुवारी असूनही अंगाला घामाची चिकचिक. हैदराबादेत वर्षाला साधारण 800 मिलिमीटर पाऊस, इथे सुमारे 3000. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे, नंतर डिसेंबरपर्यंत ईशान्येचे. तापमान बारमाही 23 ते 31 अंशांच्या आसपास. समुद्र शांत असतो तो जानेवारी ते एप्रिल.

बुधवार
बोट नाही. समुद्राला उधाण, असे कारण मिळाले. खोली 1400, मासळीभात 220. पुन्हा उशीर.

गुरुवार, बॅरनजवळ
बोट निघाली, उशिरानेच. बॅरन हे जागृत ज्वालामुखीचे बेट, राजधानी श्री विजयपुरमपासून 138 किलोमीटर. उतरण्यास मनाई, बेटाला वळसा तेवढा. सुमारे दोन किलोमीटर व्यासाची खचलेली कढई, पश्चिमेला फुटलेला काठ, मधोमध राखेचा काळा सुळका. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम 354 मीटर. पण हा पाण्याबाहेर आलेला माथा आहे, डोंगराचा पाया दोन किलोमीटरहून खोल तळावर. भारतीय भूपट्ट पूर्वेकडच्या पट्टाखाली तिरका सरकतो, खोलवर शिलारस तयार होतो. सुमात्रा ते म्यानमार या ज्वालामुखींच्या कमानीचे मूळ तेच. बॅरनचे उद्रेक 1787 पासून नोंदलेले आहेत. 1832 नंतर तो दीडशेहून अधिक वर्षे गप्प होता, 1991 मध्ये पुन्हा जागा झाला. त्यामुळे शेजारच्या नारकोंडमला निद्रिस्त म्हणताना जपून बोलावे.
बोटीवरचे सारंग वयस्क, बोलणे मोजके. आकाशाकडे पाहून त्यांनी दुपारच्या पावसाची वेळ सांगितली आणि ती नेमकी ठरली. ताटात भात, डाळ, तळलेला सुरमईचा तुकडा. सगळ्या दिवसातले हेच एक सुख.

शुक्रवार
नारकोंडम बॅरनपासून सुमारे 135 किलोमीटर ईशान्येला. अभयारण्य असल्याने परवान्याशिवाय जाता येत नाही, म्हणून आज नकाशाच समोर. बेट तीन बाय चार किलोमीटरचे, उंची 710 मीटर, माथ्यावर तीन शिखरे, दक्षिणेला कडे. खडक अँडेसाइट आणि डेसाइटचा: बॅरनच्या बेसाल्टपेक्षा घट्ट लाव्हा, म्हणून उतार उभे. सगळे बेट दाट जंगलाखाली, ज्वालामुखी म्हणून ओळखू येणार नाही इतके हिरवे.
उद्रेकाची ऐतिहासिक नोंद नाही. तरी भूवैज्ञानिकांना शंका येते ती पावसामुळे. एवढ्या मोसमी माऱ्यात जुना शंकू खोल घळींनी चिरला गेला असता. इथे झीज कमी दिसते. म्हणजे शेवटचे थर गेल्या दहा-अकरा हजार वर्षांतले असावेत, असा कयास. भूगर्भकाळाच्या हिशेबात ही कालचीच गोष्ट.
नारकोंडमचा धनेश जगात फक्त याच जंगलात आढळतो. जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. बेटावर 1969 पासून पोलिसांची चौकी आहे.