सेलमच्या बशीतला चीन

सेलम म्हटलं की लोकांना चेटकिणी आठवतात. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून ट्रेनने साधारण अर्ध्या तासावर असलेलं हे बंदर. १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून इथे १९ जणांना फाशी दिली आणि आता त्याच गावात टोकदार काळ्या टोप्या विकतात. ऑक्टोबरात तर पाय ठेवायला जागा नसते.

आमच्याकडे भारतातून कुणी आलं की मी त्यांना आधी चेटकिणी दाखवतो आणि मग हळूच पीबडी एसेक्स म्युझियममध्ये नेतो. कारण माझ्या मते सेलमची खरी गोष्ट तिथे आहे. ती गोष्ट आहे चहाची, बश्यांची आणि... ऑनसाइट-ऑफशोअरची! थांबा, सांगतो.

१७८३ साली अमेरिका स्वतंत्र झाली खरी, पण वेस्ट इंडीजमधली ब्रिटिश बंदरं तिच्या जहाजांना बंद झाली. मग करायचं काय? सेलमच्या एलियास हॅस्केट डर्बी नावाच्या व्यापाऱ्याने पूर्वेकडे नजर वळवली. त्याचं ‘ग्रँड टर्क’ जहाज डिसेंबर १७८५ मध्ये निघालं, मॉरिशस करत कँटनला पोचलं आणि मे १७८७ मध्ये चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी घेऊन परत आलं. न्यू इंग्लंडमधून चीनला गेलेलं हे पहिलं जहाज. त्यानंतर गावाला पूर्वेचं वेडच लागलं.

१७९९ साली तिथल्या दर्यावर्दींनी ‘ईस्ट इंडिया मरीन सोसायटी’ काढली. सभासद व्हायचं तर केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नच्या पलीकडे जाऊन आलेलं असणं सक्तीचं, तेही कप्तान म्हणून नाहीतर जहाजावरचा व्यापारी प्रतिनिधी म्हणून. म्हणजे ऑनसाइट जाऊन आलेल्यांचा क्लबच की! :-) येताना प्रत्येकाने काही ना काही चीजवस्तू आणायची. आजचं म्युझियम त्याच गाठोड्यातून उभं राहिलंय.

या व्यापाराने गावाचं रोजचं जगणं बदललं. जहाजात चिनी मातीची भांडी सगळ्यात खाली रचायची, कारण तळाशी पाणी झिरपलं तरी त्यांना काही होत नाही. चहा वर, कोरड्या जागी. भांडी म्हणजे एका अर्थी बोटीचं वजन सांभाळायचं साधन, आणि तीच पुढे श्रीमंतांच्या जेवणाच्या टेबलावर मिरवायची. निळ्या-पांढऱ्या बश्या, लाखेच्या शिवणपेट्या, हस्तिदंती पंखे... कप्तानाच्या बायकोने चीन पाहिलेला नसायचा, पण तिचा हात दिवसातून दहा वेळा चीनला लागायचा.

आता माझी आवडती वस्तू. म्युझियममध्ये एक मोठा वाडगा आहे, पंच नावाचं मद्य पार्टीत वाढायचा. कँटनमध्ये १७८६ साली रंगवलेला. त्यावर झोकात जहाज काढलंय आणि वर नाव आहे ‘ग्रँड टर्क’. गंमत अशी की ते जहाज ‘ग्रँड टर्क’ नाहीच! चिनी चित्रकाराने एका इंग्रजी पुस्तकातलं भलत्याच जहाजाचं चित्र समोर ठेवून हुबेहूब उतरवलं आणि नाव तेवढं क्लायंटचं टाकलं. आपण टेम्प्लेटमधला लोगो बदलतो ना, तसंच!

पण हसू नका. त्या कारागिरांचं कसब विलक्षण होतं. सॅम्पल द्या, माल घ्या. फिलाडेल्फियाच्या एका कप्तानाने गिल्बर्ट स्टुअर्टने रंगवलेलं जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र कँटनला नेलं आणि काचेवर त्याच्या शंभर नकला काढून आणल्या. १८०२ साली स्टुअर्टला कोर्टात जाऊन त्यांची विक्री थांबवावी लागली. ज्यांनी वॉशिंग्टनला कधी पाहिलं नाही त्यांनी तो शंभर वेळा रंगवला. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. दुसऱ्याच्या रिक्वायरमेंटवर आयुष्य काढणाऱ्या माझ्यासारख्याला इथे जरा थबकायला होतं.

याच संग्रहात आपल्या मुंबईचा एक माणूसही भेटतो. नसरवानजी माणेकजी वाडिया, अमेरिकन जहाजांचं मुंबईतलं काम बघणारा पारशी व्यापारी. त्याचं तैलचित्र काढलंय एका चिनी चित्रकाराने. मुंबईकर माणूस, चिनी कुंचला आणि भिंत सेलमची. ग्लोबलायझेशन हा शब्द आपण उगाच नवा समजतो.

बरं, मग सेलमच्या लोकांना चीन किती कळला? फार थोडा. परदेशी व्यापाऱ्यांना फक्त कँटनमध्ये, तेही शहराच्या तटाबाहेर, नदीकाठच्या वखारींत राहायची परवानगी होती. बायकांना तर बंदीच. सेलमची हॅरिएट लो १८२९ साली, वयाच्या विशीत, काका-काकूंबरोबर मकावला गेली. काका कामाला कँटनमध्ये, या दोघी मकावमध्ये बसून. (डिपेंडंट व्हिसावरच्या मैत्रिणींना हे वेगळं समजावून सांगायला नको.) १८३० मध्ये दोघी गुपचूप कँटनला पोचल्या, तर चिनी अधिकाऱ्यांनी व्यापारच बंद करायची धमकी दिली आणि त्यांना परतावं लागलं. हॅरिएटने हे सगळं डायरीत लिहून ठेवलंय.

म्हणजे माल यायचा-जायचा, माणसांना मात्र दार बंद. पुढे अमेरिकेने तेच केलं, कितीतरी जास्त कठोरपणे. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली. ती उठली १९४३ साली, आणि उठली म्हणजे काय, तर वर्षाला जेमतेम १०५ जणांचा कोटा मिळाला! भारतीयांना १९४६ मध्ये १०० चा. त्या सगळ्या काळात निळ्या-पांढऱ्या बश्या कपाटात सुखाने होत्या. त्यांच्यावर पूल होते, होड्या होत्या, छत्री घेतलेली इवली माणसं होती. ती माणसं चालत होती.

आमच्या टीममधला एकजण लग्नाला म्हणून भारतात गेला आणि व्हिसाच्या कागदपत्रांत चार महिने अडकला. त्याने तिथून लिहिलेला कोड इकडे रोज रात्री पोचायचा, न चुकता. त्याची खुर्ची रिकामी होती आणि काम वेळेवर चालू होतं. कुणालाच काही खटकलं नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकलं.

म्हणूनच त्या म्युझियममधलं यिन यू तांग हे घर मला फार मोलाचं वाटतं. चीनच्या आन्हुई प्रांतातल्या एका खेड्यातलं ह्वांग कुटुंबाचं हे घर, साधारण १८०० च्या सुमाराचं. १९९७ मध्ये ते उतरवून, एकेक वासा-वीट अमेरिकेत आणून पुन्हा उभं केलं आणि २००३ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. हे घर कुणा परदेशी गिऱ्हाइकाच्या ऑर्डरवरून बनवलेलं नाही. राहायला बांधलेलं आहे.

आईला घेऊन गेलो होतो. चौकात पाऊल टाकताच ती म्हणाली, “अरे, हा तर आपला वाडा!” खरंच, मधे चौक, त्यात माशांसाठी दोन हौद, भोवती दोन मजले, सोळा झोपायच्या खोल्या. माओच्या काळातला सरकारी स्पीकरही तसाच आहे. आई माहेरची राजापूरची, तिने बरोब्बर प्रश्न विचारला, “आणि पुरुषमाणसं कुठे असायची?” मी सांगितलं, व्यापारासाठी दूर शहरांत. पोरं तेराव्या-चौदाव्या वर्षी बाहेर पडायची आणि काही वर्षांनी कधीतरी घरी यायची. “म्हणजे चाकरमानीच की रे,” ती म्हणाली. मग एका खोलीच्या दाराशी बराच वेळ उभी राहिली. तिचे वडीलही वर्षातून दोनदाच यायचे, गणपतीला आणि मे महिन्यात.

दोनशे वर्षं बश्या जमवून सेलमला जे कळलं नव्हतं ते तिला चौकात उभं राहून पाच मिनिटांत कळलं.

बाहेर पडल्यावर भूक लागली असेल तर एक टीप. सेलम विलोज नावाच्या समुद्रकाठच्या पार्कात चॉप सुई सँडविच नावाचा एक प्रकार प्रसिद्ध आहे. बर्गरच्या पावात चॉप सुई! चिनी माणूस त्याला चिनी म्हणणार नाही. पण चायनीज भेळ खाऊन मोठे झालेल्या आपण मंडळींनी त्यावर बोलू नये. गुपचूप खावं. हातरुमाल जवळ ठेवा, रस्सा गळतो.