बाबा, शटर आणि रिमोट

गॅरेजचं शटर हा काही ‘हॅपनिंग’ विषय नाही, मान्य! पण बाबांची दुखरी पाठ आणि गंजलेलं शटर यांची रोज सकाळी कुस्ती चालते, तेव्हा घरात दुसरा विषयच उरत नाही.

मोटर म्हटल्यावर बाबांचा बिनतोड सवाल, “लाइट गेली की?” उत्तर सोपं होतं, हातसाखळीवालीच मोटर घ्यायची. लाइट गेली, ओढा साखळी!

मग गेजचा फंडा. आकडा वाढला की पत्रा पातळ. म्हणजे 18 गेज 20 पेक्षा जाड. पत्रा गॅल्वनाइज्डच घ्या, गंज लांब राहतो. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा मोजा. आणि खाली कुणी आलं तर शटर थांबवणारा सेन्सर आठवणीने मागून घ्या.

जुनं शटर उतरवताना मिस्त्रींनी आम्हाला लांब उभं केलं. ताणलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडतो. इथे घरच्या घरी प्रयोग नकोतच!

आता रिमोट बाबांच्याच खिशात असतो. पाठीचं विचारलं तर म्हणतात, “पाठीला काय झालंय? मोटर गंजू नये म्हणून दाबतो!”