कवड्या खंड्याच्या मागावर

कवड्या खंड्या मी पहिल्यांदा पाहिला तो लहानपणी, नीरेच्या काठी. आत्याबरोबर धुणं घेऊन गेले की हा काळा-पांढरा पक्षी पाण्यावर पंख फडफडवत एका जागी थांबलेला दिसायचा आणि क्षणात सूर मारायचा. पुढे कॅमेरा हाती आला, तशी त्याच्यासाठी भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर जाऊ लागले. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीच्या छातीवर एकच, तोही मधे तुटलेला, हे पुस्तकात वाचलेलं तिथल्या नावेत बसून डोळ्यांनी पडताळलं.

निवृत्तीनंतर बोत्स्वानातल्या ओकावांगो पाणथळीत गेले. मोरेमी अभयारण्यात जीपमधून हत्ती पाहिले, सिंह पाहिले, मनसोक्त फोटो काढले. पण जीव रमला तो मोकोरोत. ही अरुंद, उथळ होडी पूर्वी झाडाचं अख्खं खोड कोरून करत, आता बहुधा फायबरची असते. नावाडी मागे उभा राहून लांब काठीने ती रेटतो. आपण जवळजवळ पाण्याला टेकून बसलेलो, त्यामुळे लेन्स पक्ष्याच्या नजरेच्या रेषेत येते. पपायरसच्या वाकलेल्या दांड्यावर छातीवर दोन पट्टे मिरवत तो बसला होता. आफ्रिकेपासून आशियापर्यंत हीच जात नांदते. तो उडाला, हवेत थांबला. शटर १/२५०० वर ठेवलं होतं, तरी पंखांची टोकं धूसर आली. डोकं मात्र जागचं हललं नव्हतं आणि डोळा लख्ख टिपला गेला होता.

जुलै महिना होता. आभाळात ढगाचं नाव नाही आणि पाणी मात्र चढत होतं. हे पाणी अंगोलातल्या पावसाचं. तिथल्या डोंगराळ भागात पावसाळ्यात पडलेलं पाणी कुबांगो आणि कुइटो नद्यांतून निघतं, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडतं आणि अत्यल्प उतारावरून सरकत, काही महिन्यांनी, ऐन कोरड्या दिवसांत इथे पोचतं. ते समुद्राला मिळत नाही. कालाहारीच्या वाळूत पसरतं आणि बहुतेक सगळं उन्हाने, झाडापानांतून हवेत जातं. पाणघोडे ये-जा करून प्रवाहाच्या वाटा मोकळ्या ठेवतात. वाळवीच्या वारुळांवर झाडं रुजतात आणि त्यांची बेटं होतात.

भिगवणला पाणी ओसरून गाळ उघडा पडला की रोहित पक्षी गर्दी करतात. ओकावांगोत पूर चढला की आजूबाजूच्या कोरड्या मुलखातले कळप पाण्याकडे येतात. दोन्हीकडे जीवांचं पंचांग पाण्याच्या चढउतारावर ठरतं. एवढी वर्षं मी पक्ष्यामागे फिरले, पण खरं पाहायचं होतं ते हे वेळापत्रक. ते विस्कटलं तर उत्तमातली उत्तम लेन्स घेऊन गेलं तरी टिपायला काही उरणार नाही.

ओकावांगो १९९६ मध्ये पाणथळींच्या रामसर यादीत आलं. २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीतलं ते हजारावं स्थळ ठरलं. पण हा वारसा बोत्स्वानाच्या हद्दीतला आहे, उगम मात्र अंगोलात. १९९४ पासून तिन्ही देशांचा एक संयुक्त आयोग या खोऱ्यासाठी आहे, आणि या पाणथळीचं भवितव्य बरंचसं त्यांच्या एकोप्यावर आहे. म्हणून कॅमेरा घेऊन कुठल्याही पाणथळीवर जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे: पक्ष्यांची यादी करताना ते पाणी कुठून येतं, तेही लिहून ठेवा. उगम राखला तरच पाणथळ राहते.