आमच्या गल्लीचा पैलवान

वार्षिक परीक्षेचा निकाल लागतो त्या दिवशी शाळेच्या आवारात एक देखावा दर वर्षी आमच्या दृष्टीस पडतो. उत्तीर्ण झालेल्यांचा घोळका हसतखेळत फाटकाकडे निघालेला असतो. आणि एखादा मुलगा निकालपत्रिकेची घडी मुठीत धरून चिंचेखाली एकटाच उभा असतो. कालपर्यंत जे त्याच्या बाकावर बसत, त्याच्या डब्यातील भाकरी खात, तेच आज त्याच्याजवळून जाताना दुसरीकडे पाहतात. त्यांच्या मनात वाईट असते असे नव्हे. काय बोलावे हे त्यांस सुचत नाही, इतकेच. हा देखावा पाहिला म्हणजे आम्हांस आमच्या बालपणीचा एक पैलवान आठवतो, आणि त्याच्यासंबंधाने आमच्या हातून घडलेली एक चूकही आठवते. ती आज विद्यार्थ्यांस सांगावी असे मनात आहे.

आमचे बालपण कोल्हापुरास गेले. कोल्हापूर आणि कुस्ती ही नावे मराठी माणसाच्या मुखी जोडीनेच येतात, आणि याचे श्रेय मुख्यत्वे राजर्षी शाहू महाराजांकडे जाते. १९०२ साली युरोपच्या प्रवासात महाराजांनी रोम येथील प्राचीन वर्तुळाकार क्रीडागृह पाहिले, आणि आपल्या प्रजेसाठीही तसे काही असावे असे त्यांस वाटले, असे सांगतात. त्यातून खासबागेचे मैदान उभे राहून १९१२ साली त्यावर कुस्त्या सुरू झाल्या. मध्यभागी तांबड्या मातीचा हौदा आणि सभोवार चढत गेलेली गोलाकार बैठक, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे अगदी शेवटच्या रांगेत बसलेल्या शेतकऱ्यासही कुस्ती तितकीच स्वच्छ दिसते. महाराजांच्या आश्रयाने गावोगावचे मल्ल कोल्हापुरास येऊन राहिले, पेठापेठांतून तालमी भरभराटीस आल्या, आणि संस्थाने गेल्यावरही ती परंपरा टिकून राहिली. १९५९ साली पहिले हिंद केसरी झालेले श्रीपती खंचनाळे याच नगरीच्या मातीत तयार झाले. त्यांच्या, आणि १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या मारुती माने यांच्या कुस्त्यांचे वर्णन आम्ही ओट्यावर बसलेल्या वृद्धांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले होते की, त्या आपण स्वतःच पाहिल्या अशी आमची समजूत झाली होती.

आमच्या घरापासून चार घरे टाकून एक तालीम होती. पहाटे चार वाजता तेथे दिवा लागे, आणि जोर-बैठका काढणाऱ्यांचे श्वास ऐकत आम्ही अंथरुणात कूस बदलत असू. आतील माती साधी नव्हे. ती चाळून तिच्यात काव, हळद, ताक, तेल व लिंबांचा रस घालीत. त्यामुळे ती मऊ राही, अंगास बाधत नसे, आणि तिला एक आंबटगोड वास येई. तो वास आजही कोठे आला तर आमचे पाऊल थबकते. भिंतीवर मारुतीची तसबीर होती. मोहरमात त्याच तालमीत पंजा बसे, आणि भाद्रपदात गणपती बसे. आमचे घर ख्रिस्ती. नाताळाच्या दिवशी आजी करंज्या व चकल्यांचे मोठे ताट तालमीत पाठवी, आणि वस्ताद ते ताट कधीच रिकामे परत पाठवीत नसत. त्यात नारळ किंवा गुळाची ढेप तरी असेच. या देवघेवीचे कोणास नवल वाटत नसे. उलट एखाद्या वर्षी ताटास उशीर झाला तर वस्तादांचा निरोप येई, ‘आजीबाईंची तब्येत बरी आहे ना?’

या तालमीत पन्हाळ्याकडील एका खेड्यातला तरुण येऊन राहिला होता. त्याचे वय वीस-एकवीस असेल. त्यास सारी गल्ली ‘दादा’ म्हणे. बापाची जमीन थोडी, घरी भावंडे पुष्कळ. तेव्हा कुस्ती हा त्याचा नुसता छंद नव्हता, तो पोटाचा धंदा होता. जत्रेतील कुस्तीचे इनाम मिळाले तर त्यातून खुराक चाले आणि उरल्यास गावी पैसे जात. खुराक ही काही लहानसहान बाब नव्हे. दूध, तूप, बदाम आणि मटण यांचा रोजचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या घरास पेलण्याजोगा नसतो. तो भार आमच्या गल्लीने उचलला होता. कोपऱ्यावरचे वाणी बदाम खरेदीच्या भावाने देत. शेजारचे मुसलमान खाटीक रविवारी मटणाचा वाटा काढून ठेवीत. कोणी तूप देई, कोणी अंडी देई. आमच्या आजीकडे रोजचे अर्धा लिटर दूध होते.

ते दूध पोहोचविण्याचे काम आमचे. संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गवळी म्हशी घेऊन येत आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देत. अजून फेस न बसलेले ते दूध पितळी किटलीत घेऊन आम्ही धावत तालमीत जात असू. दादा किटली तोंडास लावून एका दमात रिकामी करी आणि मग आमच्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, ‘उद्या लवकर ये, माती उकरायची हाय.’ फावडे आमच्याहून उंच. तरी हौद्यातील माती उकरण्याचा तो मान आम्हांस पहिल्या नंबराहून मोठा वाटे. अकरा जोर आणि एकवीस बैठका एवढी आमची मजल गेली होती, आणि तेवढ्या भांडवलावर आम्ही शाळेत छाती काढून चालत असू.

१९९० साली आम्ही पाचवीत होतो. त्या हिवाळ्यात खासबागेत मोठे मैदान ठरले, आणि त्यात दादाची जोड लागली. प्रतिस्पर्धी सांगलीकडील, वजनाने थोडा अधिक आणि नावाजलेला. आमच्या गल्लीस पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. आम्ही तर वर्गात जाहीरच करून टाकले की, दादा त्यास पाच मिनिटांत अस्मान दाखवील. न दाखविल्यास आम्ही आमच्या गोट्यांची पिशवी देऊन टाकू.

त्या दिवशी दुपारीच आम्ही वडिलांबरोबर जाऊन बसलो. हलगी आणि घुमके यांचा कडकडाट चालला होता. फेटे बांधलेले पंच हौद्यात फिरत होते. प्रथम लहान मुलांच्या कुस्त्या झाल्या, मग क्रमाने मोठ्या. दादाचे नाव पुकारले तेव्हा आमच्या गल्लीने केलेला गजर आजही कानांत आहे. त्याने वाकून माती कपाळास लावली, शड्डू ठोकला, आणि खडाखडी सुरू झाली. तीन-चार मिनिटे दोघेही एकमेकांचा अंदाज घेत होते. नंतर दादा एकेरी पट काढावयास खाली गेला. प्रतिस्पर्ध्याने पाय चपळाईने मागे घेतला, वरून कब्जा घेतला, आणि आम्ही उभे राहून पाहीपर्यंत घिस्सा मारून त्यास चीत केले. दादाची पाठ मातीस लागली. हलगी पुन्हा वाजू लागली, पण ती आता दुसऱ्यासाठी वाजत होती.

विजयी मल्लाने दादास हात देऊन उठविले व मिठी मारली, हे आम्ही पाहिले. परंतु त्या वेळी त्याचे मोल आम्हांस कळले नाही. आम्ही आमच्या गोट्यांचा विचार करीत होतो. भोवताली पाहिले तो आमच्या गल्लीतील मंडळी एकेक करून उठत होती. कोणी म्हणाला, ‘अंगात पाणीच नव्हतं.’ कोणी म्हणाला, ‘फुकट दूध घातलं.’ दूध घातले असे म्हणणाऱ्याने एक थेंबही कधी घातला नव्हता, हे आम्हांस ठाऊक होते. तरी ते वाक्य आम्हांस पटले.

दुसऱ्या दिवशी शाळेत गोट्यांची पिशवी गेली आणि वर हसेही झाले. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो असता दादा गल्लीतून येताना दिसला. कपाळ खरचटलेले होते. आमच्यासमोर थांबून त्याने नेहमीसारखी हाक मारली, ‘काय रं, येतोस न्हवं माती उकरायला?’ आम्ही उत्तर दिले नाही. उठून घरात गेलो आणि आतून कडी लावली.

चुलीपाशी बसलेल्या आजीने ते पाहिले. ती रागावली नाही. थोड्या वेळाने तिने पैसे आणि किटली आमच्यापुढे ठेवली. आम्ही म्हणालो, ‘आता कशाला? तो तर पडला.’ आजीने विचारले, ‘याकोबाची गोष्ट रविवारी ऐकलीस ना? रात्रभर झुंजला, आणि सकाळी लंगडत निघाला. आशीर्वाद कोणाला मिळाला?’ पवित्र शास्त्रातील ती कथा आम्हांस पाठ होती. परंतु तिचा आमच्या गल्लीशी काही संबंध असेल असे कधी वाटले नव्हते. आजी पुढे म्हणाली, ‘दूध जिंकण्यासाठी देत नव्हते रे. पोरगा आईपासून लांब आहे म्हणून देत होते. तो अजून लांबच आहे.’

आम्ही कट्ट्यावर गेलो, दूध घेतले, तालमीच्या दारापर्यंत आलो. आत वस्ताद स्वतः खाली बसून दादाच्या खांद्यास तेल चोळीत होते आणि कालचा डाव कोठे चुकला ते हलक्या आवाजात समजावीत होते. शिष्य पडला म्हणून वस्तादांच्या हाताचा जोर कमी झालेला दिसला नाही. आम्हांस आत जाण्याचा धीर झाला नाही. किटली उंबऱ्यावर ठेवली आणि पळालो. पुढे कित्येक दिवस तसेच चालले. किटली उंबऱ्यावर ठेवावयाची, आणि सकाळी धुतलेली किटली ओट्यावर सापडावयाची. वर्षअखेर दादाचे वडील आजारी पडले. शेत सांभाळण्यासाठी तो गावी गेला. जातेवेळी तो आजीच्या पाया पडून गेला असे कळले. आम्ही तेव्हा शाळेत होतो.

पुढे शिक्षक झाल्यावर खाशाबा जाधव यांचे चरित्र आमच्या वाचनात आले. स्वतंत्र भारतास ऑलिंपिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा हा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा मल्ल. १९५२ साली हेलसिंकी येथे त्याने कांस्यपदक मिळविले, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्यापूर्वी १९४८ साली लंडन येथे तो सहावा आला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. सहाव्या क्रमांकास पदक नसते, मिरवणूक नसते. हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हा पैशांची अडचण पडली. आणि ज्या राजाराम महाविद्यालयात खाशाबा शिकले तेथील प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतल्यावर कऱ्हाडास शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती मिरवणूक थोर खरीच. परंतु विजयानंतर गाडी जुंपणे सोपे असते. पदक न मिळालेल्या शिष्यासाठी घर गहाण ठेवणारा गुरू आम्हांस अधिक थोर वाटतो. हे वाचले त्या रात्री आम्हांस प्रथम आजीची किटली आठवली, आणि मग दाराची कडी आठवली.

काही वर्षांपूर्वी पन्हाळ्याच्या बाजूस एका जत्रेचे मैदान पाहावयास गेलो असता लहान मुलांच्या जोडी लावीत असलेला एक प्रौढ गृहस्थ दिसला. कान मोडलेले, केस पांढरे. परंतु चाल तीच. आम्ही नाव सांगितले. त्याने प्रथम आजीची चौकशी केली. ती प्रभूकडे गेली असे सांगताच त्याने डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला आणि क्षणभर काही बोलला नाही. मग आम्ही इतक्या वर्षांचे ओझे उतरविले. ओट्यावरून उठून गेलो, कडी लावली, क्षमा मागावयाची राहिली, सर्व सांगितले. तो हसला. म्हणाला, ‘पडल्याल्या पैलवानाकडं पोरं बघत न्हाईत. ती कुठं बघत्यात? पर किटली ठेवून पळताना मी तुला आतनं रोज बघत हुतो. त्या दुधावर मी उभा ऱ्हायलो बघ.’ आणि जवळच उभ्या असलेल्या, नुकत्याच हरलेल्या एका पोराच्या पाठीवरची माती झाडून त्याने त्यास पुन्हा हलगीपाशी नेले.

आता कुस्त्यांच्या मोठ्या स्पर्धा मॅटवरही होतात. आमच्या लहानपणी आमच्या तालमीचा उंबरा मुलींनी कधी ओलांडला नव्हता. आज मुलीही लढतात, आणि २०१६ साली रिओ येथे साक्षी मलिक हिने ऑलिंपिक पदकही मिळविले. पुष्कळ बदलले, आणि चांगलेच बदलले. एक मात्र बदलले नाही. दोघे लढले म्हणजे बहुधा एकाची पाठ टेकते, आणि त्याच्या घरी जाणारी वाट त्या संध्याकाळी ओस पडते.

बालमित्रहो, यंदाच्या निकालाच्या दिवशी तुमच्यापैकी बहुतेकांच्या हातात पेढ्यांचे पुडे असतील. ते आनंदाने वाटा. परंतु फाटकाबाहेर पडण्यापूर्वी एकदा चिंचेखाली पाहा. तेथे कोणी उभा असेल तर त्यास उपदेश करू नका. नेहमीसारखी हाक मारा आणि त्याच्याबरोबर घरापर्यंत चाला. आणि पालकांस आमची इतकीच विनंती आहे की, त्या संध्याकाळी त्याच्या दुधाचे माप कालच्याएवढेच असावे.